हौसाच्या मागे कोण उभं राहणार?

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणाला आठवत नाही, आणि या गोष्टीत त्याचं काही कामही नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं. तळ्याच्या बांधात एक दगडी मोरी होती, आणि मोरीतून बाहेर पडलेलं पाणी दोन पाटांनी वाहायचं. एक पाट वरच्या आळीच्या मळ्यांकडे जायचा, दुसरा खालच्या आळीच्या. कोणता पाट कधी सोडायचा हे ठरवायचं काम तळ्याच्या कारभाऱ्याचं.

हा कारभारी गावच निवडायचं. दर तीन वर्षांनी, दसरा झाला की सगळं गाव बांधावर जमायचं. ज्यांना कारभारी व्हायचं असेल ते उभे राहायचे, आणि कळत्या वयाचा प्रत्येक माणूस, बाई असो वा पुरुष, आपल्या पसंतीच्या माणसामागे जाऊन उभा राहायचा. ज्याच्या मागे जास्त माणसं, त्याच्या हाती मोरीचं दार.

उभे राहणारे मात्र नेहमी दोघंच असत. वरच्या आळीचे रायाजीराव चिंचेखाली, आणि खालच्या आळीचे भुजंगराव पिंपळाखाली. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथेच उभे राहत.

रायाजीराव कारभारी झाले की खालच्या आळीची वांगी आणि मिरच्या माना टाकत. भुजंगराव झाले की वरच्या आळीची केळी करपत. वरच्या आळीतले लोक आपसात म्हणत, "आपला रायाजी काही धड नाही. पण तो भुजंग आला तर घोटभर पाणी मिळायचं नाही." खालच्या आळीतले लोकही हेच म्हणत, फक्त नावं उलटी करून. आणि दसऱ्यानंतर सगळे मुकाट आपापल्या झाडाखाली जाऊन उभे राहत.

या गावात हौसा नावाची एक बाई होती. तिचं माहेर खालच्या आळीत आणि सासर वरच्या. त्यामुळे वरची आळी तिला खालची समजायची, आणि खालची आळी म्हणायची, आता ती वरची झाली. हौसा हसून सोडून द्यायची.

एका वैशाखात तळं पार आटलं. पूर्वी ते वैशाखात अर्धं तरी भरलेलं असायचं. हौसा दगडी घाटाच्या पायऱ्या उतरून तळ्यात गेली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने हातातली काठी समोरच्या भेगाळलेल्या गाळात खुपसली. काठी पार मुठीपर्यंत आत गेली, आणि खाली दगडावर आपटली. तिथे आणखी एक पायरी होती. तिच्याखाली किती होत्या कोण जाणे.

गावातले सगळ्यांत म्हातारे धोंडूआजा बांधावर बसले होते. तिने त्यांना विचारलं.

"अगं, माझ्या लहानपणी माणसं त्या पायऱ्यांवर बसून पाय धुवायची," आजा म्हणाले. "तळं तेवढंच आहे, पोरी. त्यात पाण्याला जागा उरली नाही."

हौसा त्याच दिवशी रायाजीरावांकडे गेली. तेव्हा कारभार त्यांच्याकडे होता, आणि आळीतल्या सगळ्याच सुनांना ते सूनबाई म्हणत.

"आबा, तळ्यातला गाळ काढायला हवा. दोन्ही आळ्या लागल्या तर एका उन्हाळ्यात होईल."

"सूनबाई, मी माणसं राबवायची, आणि पुढच्या खेपेला भुजंगने त्या पाण्यावर मळे पिकवायचे? असं कुठे असतं का?"

ती भुजंगरावांकडे गेली.

"काका, तुम्ही कारभारी झालात तर गाळ काढाल का?"

"पोरी, खालची आळी घाम गाळणार, आणि तीन वर्षांनी रायाजी आयतं पाणी पळवणार. मला काय खुळा समजतेस?"

हौसा घरी आली आणि नवऱ्याला, मल्हारीला, म्हणाली, "अहो, या दसऱ्याला मी उभी राहते."

 मल्हारी म्हणाला, "तुझं म्हणणं खरं आहे. पण तुझ्यामागे कोण उभं राहणार?"

हौसा दारोदार फिरली. लोकांनी तिला पाणी दिलं, गूळ दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं. गाळ काढायला हवा हे प्रत्येकाला पटत होतं. पण निघताना प्रत्येकजण एकच सांगायचा, "बाई, तू निवडून आलीस तर आनंदच आहे. पण तू येणार नाहीस. मग मी तुझ्यामागे राहिलो, तर त्या दुसऱ्याचंच फावेल."

शेजारच्या साळूने तर तिचा हात धरला. "हौसा, बाकीचे येणार असतील तर मीही येते."

"साळू, बाकीचेही हेच म्हणतात गं."

"म्हणजे कुणीच येणार नाही," साळू म्हणाली आणि तिने हात सोडला.

दसरा झाला. गाव बांधावर जमलं. रायाजीराव चिंचेखाली उभे राहिले, भुजंगराव पिंपळाखाली. बांधावर तिसरं झाड नव्हतं. हौसा दोन्हींच्या मध्ये उन्हात उभी राहिली.

माणसं तिच्या समोरून जाऊ लागली. कुणी तिच्याकडे पाहिलं, कुणी पाहायचं टाळलं. रायाजीराव आपल्या आळीतल्या प्रत्येकाकडे नजर रोखून होते, भुजंगराव आपल्या. साळू खाली मान घालून चिंचेखाली गेली. मल्हारी हौसापाशी येऊन क्षणभर घुटमळला, आणि तोही चिंचेखाली गेला.  हौसा मात्र तिथून हलली नाही.

तिच्यामागे मोजकीच माणसं उभी राहिली, आणि ती बहुतेक वरच्या आळीची होती. मोजणी झाली. भुजंगराव थोडक्यात जिंकले. हौसामागची माणसं चिंचेखाली गेली असती, तर रायाजीराव जिंकले असते. हे सगळ्या गावाने पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात वरचा पाट कोरडा पडला. साळूची केळीची बाग उभी वाळली. ती हौसाच्या दारात येऊन म्हणाली, "तुझ्या हट्टापायी माझी बाग गेली. तू आम्हाला सांगितलंस, घाबरू नका. तुझं काय गेलं?"

हौसाचा मळाही वाळला होता, पण ती ते बोलली नाही. साळूचं म्हणणं खोटं नव्हतं. घाबरायचं काही कारण नाही, असं ती लोकांना सांगत फिरली होती, आणि ज्याला लोक घाबरत होते नेमकं तेच घडलं होतं. वरच्या आळीने तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं.

रात्री जेवताना मल्हारी म्हणाला, "आता तरी सोडून दे."

"सोडून दिलं तर पाणी येईल का?" तिने विचारलं.

हौसाने पुष्कळ विचार केला. लोक वाईट आहेत असं तिला वाटेना. भित्रे म्हणावेत, तर तेही पुरतं खरं नव्हतं. माणूस एकाच जागी उभा राहू शकतो. जो हवासा आहे त्याच्यामागे जावं, तर नकोसा आहे त्याला अडवायचं राहून जातं. लोकांसमोर असा पेच होता, आणि त्यांनी तरी दुसरं काय करावं?

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात ती रायाजीरावांच्या ओसरीवर गेली.

"कोणत्या तोंडाने आलीस?" रायाजीरावांनी विचारलं.

"आबा, तुम्ही माझ्यामुळे हरलात. मी या खेपेलाही उभी राहणार आहे."

रायाजीराव ताडकन उठले. हौसा शांतपणे म्हणाली, "पण निवडायची रीत बदलली तर तुमचं नुकसान होणार नाही. माणसामागे उभं राहणं बंद करू. आपण एकेकाने गावासमोर यायचं. ज्याच्यावर भरवसा वाटेल त्याच्यासाठी लोकांनी हात वर करायचा. एकासाठी केला म्हणून दुसऱ्यासाठी करायचा नाही, असं बंधन नको. मागे जे माझ्याकडे आले ते तुमच्यासाठीही हात वर करतील."

रायाजीराव खाली बसले. आपल्या आळीतलं कुणी फुटलं तरी आपला एकही हात कमी होणार नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "पण भुजंग ऐकायचा नाही."

भुजंगराव खरोखर ऐकले नसते. पण त्या वर्षी खालच्या आळीतही कुजबुज चालू होती. हौसाचा भाऊ बयाजी, जो खालच्याच आळीत राहत होता, लोकांना म्हणत होता की मीही उभा राहणार. ते भुजंगरावांच्या कानावर गेलं होतं. बयाजी उभा राहिला तर पिंपळाखालची माणसं फुटतील आणि रायाजी जिंकेल, या धास्तीने त्यांना झोप लागत नव्हती. धोंडूआजांनी पंचांसमोर नवी रीत मांडली, तेव्हा भुजंगराव सगळ्यांत आधी "चालेल" म्हणाले. दोघांनीही होकार दिला तो गावाचं भलं पाहून नव्हे, आपापल्या भीतीपोटी. पण होकार तो होकारच.

नव्या रीतीत आपली माणसं फुटत नाहीत हे पाहून भुजंगराव निश्चिंत झाले. बयाजीनेही मग उभं राहायचं सोडलं आणि तो बहिणीच्या बाजूने फिरू लागला.

दसरा झाला. गाव बांधावर बसलं. रायाजीराव पुढे आले. वरच्या आळीचे हात वर गेले, खालच्या आळीतून जवळजवळ एकही नाही. मग भुजंगराव पुढे आले. खालच्या आळीचे हात वर गेले, वरच्या आळीने माना फिरवल्या. आजांनी दोन्ही मोजण्या मोठ्याने सांगितल्या. फरक फार नव्हता.

मग हौसा पुढे आली.

कुणी हलेना. रायाजीराव मिशीतल्या मिशीत हसले. हौसाने पदर सावरला आणि ती लोकांकडे पाहत उभी राहिली.

आधी मल्हारीचा हात वर गेला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण हात ताठ होता. मग साळूने पदराखालून हात काढला. ती पुटपुटली, "आबांसाठी केलाच आहे की मी. त्यांचं काय बिघडतंय आता?" शेजारच्या बाईला ते पटलं आणि तिनेही हात वर केला. खालच्या आळीत बयाजीचा हात वर गेला, आणि त्याच्या आजूबाजूला कणसं वर यावीत तसे हात येऊ लागले. लोक हौसाकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त पाहत होते. "अरे, तूसुद्धा?" असं एकमेकांना विचारत होते. जे इतकी वर्षं प्रत्येकाच्या मनात होतं, ते शेजाऱ्याच्याही मनात होतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आजांना मोजायला वेळ लागला. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "दोन्ही आळ्यांतून. एवढे हात या बांधावर मी कधी पाहिले नाहीत."

"पण हे तर माझेच लोक आहेत!" रायाजीराव ओरडले.

"तुमचेच आहेत, आबा," हौसा म्हणाली. "त्यांनी तुमच्यासाठीही हात वर केला. मी कुणाला तुमच्यापासून तोडलं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही आळ्या गाळ काढायला उतरल्या. पहिले काही दिवस भांडणातच गेले. कुणाच्या टोपल्या लहान, कुणाच्या मोठ्या, यावरून बाचाबाची झाली. हौसाकडूनही चुका झाल्या. तिने बांधाची एक बाजू जास्त खणायला लावली आणि ती ढासळली. पुन्हा दगड रचावे लागले. पण पावसाळ्यानंतर तळं काठोकाठ भरलं, आणि पुढच्या वैशाखात दोन्ही पाट वाहत होते.

सगळं छान झालं असं मात्र नाही. पाण्यावरून वाद होतच राहिले. तीन वर्षांनी हौसाला पुन्हा गावासमोर यावं लागलं, आणि त्या खेपेला ती थोडक्यात हरली. भुजंगराव निवडून आले. पण त्याआधी सबंध श्रावणभर भुजंगराव वरच्या आळीत फिरताना दिसले होते. कुणाच्या केळीला पाणी कमी पडतं, कुणाच्या मळ्यापर्यंत पाट पोहोचत नाही, याची ते दारोदार जाऊन चौकशी करत होते. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. आता नुसत्या आपल्या आळीच्या हातांवर भागत नव्हतं. निवडून आल्यावर त्यांनी दोन्ही पाट सोडले, कारण पुढच्या दसऱ्यालाही त्यांना दोन्हीकडचे हात हवे होते.

हरल्याबद्दल वाईट वाटतं का, असं साळूने हौसाला विचारलं. तेव्हा दोघी साळूच्या नव्या बागेत केळीची रोपं लावत होत्या.

"वाटतं थोडं," हौसा म्हणाली. "पण पाणी येतंय ना? मग त्या रोपाला माती ओढ."

तात्पर्य: नकोशा माणसाला अडवण्यासाठीच जे गाव निवड करतं, त्याला हवासा माणूस आपल्यातच असूनही सापडत नाही.