वनजाईच्या राईतले कीर्तन

घाटाच्या पायथ्याशी वाघोळे नावाचे चाळीस उंबऱ्यांचे गाव. श्रीसखाहरी महाराज एका माघात तिथे आले आणि मारुतीच्या देवळात उतरले. आले होते एका मुक्कामापुरते, राहिले थेट चैत्रापर्यंत. कशासाठी राहिले, तेवढीच ही कथा. भाविकहो, जरा सावरून बसा, सांगणाऱ्याला फार गोड वाटते ती.

गावाच्या वरच्या अंगाला वनजाई देवीची राई होती. चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडे, भर उन्हातही आत सावलीच. या राईत लोखंड न्यायचे नाही अशी रीत. कुऱ्हाड नाही, कोयता नाही, कमरेचा विळासुद्धा बाहेर ठेवायचा. देवीचे आहे, हात लावू नये, म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिथली काडी मोडली नाही. भक्ती खरीच होती. पण पाखरांनी कुठून तरी घाणेरीच्या काटेरी झुडपाचे बी आणून टाकले, आणि देवीचेच म्हणून लोकांनी त्यालाही हात लावला नाही! घाणेरी माजली. वाट बुजली, देवीचे ठाणे बुजले, जुन्या झाडांखाली नवे रोप उगवेना. लोक बाहेर उभे राहून नारळ आत भिरकावत आणि हात जोडून घरी जात.

महाराजांनी आल्या आल्या देवीचे दर्शन मागितले. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"दर्शन न्हाई व्हत, महाराज," एक जण म्हणाला.

"का? रुसलीय की काय?"

"न्हाई जी. घाणेरीत हाय."

महाराज पोट धरून हसले. मग म्हणाले, "देवीला बाहेर येता येत नाही, तर आपण आत जाऊ. उद्यापासून कीर्तन राईत. मी रोज दहा हात पुढे उभा राहीन. ज्याला ऐकायचं, त्यानं आपल्यापुरती बसायची जागा मोकळी करायची. घाणेरी काही देवीची नव्हे, पाखरांनी आणलेली. लोखंड नको ना? नको. देवानं दहा बोटं दिलीत."

गावात तान्हूआजी नावाची एक विधवा होती. लोकांचे भात कांडून पोट भरायची. कानांनी अधू. विधवा म्हणून कीर्तनात तिची जागा पार मागे, खांबाआड. उभ्या जन्मात तिला एक कीर्तन धड ऐकू आले नव्हते. मृदंग तेवढा कळायचा, तोही जमिनीवर टेकलेल्या तळव्यांना. साठ वर्षांमागे नवी नवरी असताना तिने वनजाईची ओटी भरली होती. तो मुखडा मरायच्या आधी एकदा पाहावा, एवढीच तिची आस.

दुसऱ्या दिवशी तान्हूआजी सर्वांच्या आधी राईत हजर! हाताला चिंध्या गुंडाळल्या, घाणेरी बुडाशी धरली, हलवली, ओढली. काटे लागले, तरी थेट महाराजांच्या पायापुढे एका माणसापुरती जागा तिने मोकळी केली आणि तिथेच बसली.

कुणीतरी तिला मागे सरायला सांगितले. महाराज म्हणाले, "जिनं केली तिची जागा. आजी, बसा हो!"

त्या दिवशी तिला पहिल्यांदा कीर्तनातले शब्द ऐकू आले. दोन्ही डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होते.

गावचे मानकरी मानाजीराव सरनोबत हे पाहून राईच्या तोंडाशी उभे राहून ओरडले, "म्हातारे, कानानं बहिरी आन् बसतीस पुढं व्हय? दहा बोटांनी रान उपटणार! बोटं सरतील तुजी, घाणेरी सरायची न्हाई."

"या की सरकार," आजी मोठ्याने म्हणाली, "हितं आणिक एकाची जागा व्हईल!"

लोक खदखदा हसले. दुसऱ्या दिवशी चौघे आले, आठवड्याने वीस. फाल्गुन लागला तेव्हा अर्धा गाव राईत. मृदंगावर थाप पडली की सगळे एकदम ओढत. विठ्ठल म्हटले की ओढ, विठ्ठल म्हटले की ओढ! बायका उपटलेली घाणेरी बाहेर नेऊन टाकत. मोकळ्या झालेल्या मातीत जांभळीची, हिरड्याची बोटभर रोपे दिसू लागली, तेव्हा लोक त्यांना ओलांडतानासुद्धा जपून पाऊल टाकत.

इकडे सरनोबतांची ओसरी ओस पडली. पान खायला, हो ला हो म्हणायला माणूस मिळेना. ते रागाने एक दिवस राईत आले. "राईत लोखंड चालत न्हाई. पर इस्तू चालत न्हाई, असं कुणी सांगितलंय? चैत्री पुनवेला देवीची जत्रा. तवर ठाणं मोकळं झालं तर ठीक. न्हाई तर म्या पेटवून देनार. एका दुपारचं काम!"

आजीने वर झाडांकडे पाहिले. घाणेरीबरोबर ती कवेत न मावणारी झाडेही जाणार, त्यांवरची घरटीही. ती पहाटेपासून राबू लागली. पण चैत्राचे ऊन तापले, माती दगड झाली. मूळ निघेना, मधेच तुटे, आणि तुटले की पुन्हा फुटे. पौर्णिमा उजाडली तेव्हा ऐन ठाण्यावर घराएवढी जाळी अजून उभी होती.

सरनोबत सकाळीच पेटता पलिता घेऊन आले.

"जरूर पेटवा," महाराज शांतपणे म्हणाले. "आजचं कीर्तन तेवढं होऊ द्या. उभं कीर्तन मोडायची वाघोळ्याची रीत नाही ना?"

"न्हाई," सरनोबत म्हणाले. "आरती झाली की पेटवतो." आणि बसले.

कीर्तन सुरू झाले. ऊन डोक्यावर आले. पलित्याला तीनदा तेल घालावे लागले. सरनोबतांच्या पोटात कावळे ओरडू लागले. "महाराज, आरती?"

"अहो, उत्तररंग तर आत्ता सुरू होतोय!"

लोकांत हशा पिकला, पण हात कुणाचे थांबले नाहीत. जाळी मात्र तसूभर हलेना. ऊन कलले. महाराजांचाही आवाज बसू लागला. आजीची बोटे सोलून निघाली होती. शेवटी तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि पुटपुटली, "आई, तुजं बोलणं मला ऐकू येत न्हाई. पर माजं तुला येतं न्हवं?"

त्याच क्षणी महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि विठ्ठलनामाचा गजर मांडला. मृदंग घुमला. आजीच्या तळव्यांना तो कळला, आणि त्याच्या मागोमाग आणखी काही कळले. गारवा! चैत्रातल्या त्या दगडी मातीत खालून ओल चढत होती. तिने बुंधा धरला. ओल्या वाफ्यातून मुळा निघावा तसे ते झुडूप मुळासकट हातात आले.

"महाराज! वल हाय! खाली वल हाय!"

सगळा गाव जाळीवर तुटून पडला. काय सांगू तो आनंद! थाप पडे आणि वीस वीस झुडपे एकदम उठत.

"रातच्याला पाणी वतलं असंल कुणी!" सरनोबत ओरडले. खात्री करायला त्यांनी हातातला पलिता उलटा करून जमिनीत खुपसला. चर्रर्र झाले आणि पलिता विझला. ते पुढे झाले, एका झुडपाला एका हाताने हिसडा दिला. हलेना. दोन हात लावले. पागोटे निसटले, झुडूप जागच्या जागी.

"सरकार, उभ्यानं न्हाई येत ते," आजी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली. "खाली बसा. आसं. बुडाशी धरा. म्या बी धरती. आता थाप पडू द्या."

थाप पडली. दोघांनी ओढले, आणि दोघेही पाठीवर पडले. झुडूप दोघांच्या हातात! आणि झुडूप उपटले त्या जागी, ओल्या मातीत, शेंदराच्या खुणा अजून मिरवणारा वनजाईचा मुखडा हसत होता.

तान्हूआजी पदराने देवीचे गाल पुसत राहिली, घरच्या लेकराचे पुसावेत तसे.

सरनोबत चिखलाने माखलेले तसेच उठले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "चुकलो, महाराज. म्या जाळायला निघालो हुतो हिला."

महाराजांनी त्यांच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. "देवीनं ते पोटात घातलं. आता वाकलाच आहात, तर तुमच्या डाव्या हाताशी एक राहिलंय बघा. तेवढं काढा."

राई हसण्याने दुमदुमली. सरनोबतही हसले. मान वर न करता त्यांनी ते झुडूप बुडाशी धरले, आणि मृदंगावर थाप पडायची वाट पाहत तसेच वाकून राहिले.