चिऱ्यावरचं खुराडं

नाय, देव बिव काय रुसलेला नाय. तुमच्या मामाला म्हणावं, कोल्ह्यानं कोंबड्या नेल्या की लगेच देवाच्या नावानं बोंब मारायची नसते. नेल्या त्या कोल्ह्यानं. आणि नेऊ दिल्या त्या तुम्ही. मामा समोर असता तर त्यालाच सांगितलं असतं. नाय ना, मग तुम्ही ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. लय जुनी. वाडीच्या वर, जंगलाच्या तोंडाला, राखणदाराची घुमटी, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचं लहानसं देऊळ. वर्षातनं एकदा घराघरातनं एकेक कोंबडा तिथं जायचा. गुरव गाऱ्हाणं घालायचा, लोक हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, आणि मग तिथंच चुली पेटवून जेवायचे. ह्याला म्हणायचे राखण द्यायची.

राखण दिली की लोक निर्धास्त. कुणाच्या खुराड्याची कडी गेलेली, तिथं सुंभ बांधलेलं. कुणाची फळी कुजलेली. कुणी तर कोंबड्यांवर नुसतं डालगं पालथं घालायचं आणि वर दगड ठेवून झोपायला जायचं. विचारलं तर म्हणायचे, “राखण दिलीय की.”

त्या वाडीत एक बाई होती. बोलायला तिखट आणि कामाला वाघीण. तिचा नवरा खाणीत जांभ्या दगडाचे चिरे काढायला जायचा. तिच्याकडं कवड्या रंगाच्या कोंबड्या होत्या, पांढऱ्यावर काळे ठिपके. लग्नाच्या वेळी आईनं ओटीत अंडी घातली होती, ती खुडूक कोंबडीखाली बसवून तिनं तो वाण वाढवला होता. पुढं आई गेली, माहेरची ती जात संपली. राहिली ती हिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, तेवढीच. आणि कोंबडा होता एक.

राखणीचा दिवस आला. वाडीचा म्हातारा गावकर म्हणजे वाडीचा मोठा मानकरी. तो म्हणाला, “तुझा कोंबडा कुठाय?”

“नारळ आणलाय, काका.”

“नारळ सगळेच आणतात. कोंबडा?”

“एकच हाय. तो दिला तर पुढं अंडी तुम्ही फळवणार काय?”

बायका पदरात हसल्या. गावकराला ते लागलं. तो म्हणाला, “राखण दिली नाय आणि कोल्हा वाडीत शिरला, तर?”

“माझ्या कोंबड्यांची राखण मी करीन.”

“लय शाणी. मग ऐक. ह्या वर्षी वाडीत कुणाच्याबी घरची कोंबडी गेली, तर तुझा तो कवड्या वाण सगळा घुमटीवर कापायचा. पिल्लासकट. कबूल?”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं नारळ देवासमोर ठेवला, पाया पडली आणि म्हणाली, “कबूल.”

घरी आल्यावर नवरा म्हणाला, “कबूल काय म्हणालीस? लोकांच्या कोंबड्या तू कशा राखणार?”

“लोकांच्या नाय राखता यायच्या. माझ्या तर राखते,” ती म्हणाली. “खाणीत मोडलेले चिरे पडलेत ना? ते मला पायजेत.”

दुसऱ्या दिवसापासनं ती खाणीतनं डोक्यावर मोडके चिरे आणायला लागली. खुराड्यातली माती खणून काढली आणि खाली चिरे बसवले, फट राहू दिली नाय. भिंतीच्या भायरनंबी हातभर रुंद चिरे पुरले आणि वर माती लोटली. कारण कोल्हा कडी काढत नाय, तो भिंतीच्या बुडाला उकरतो. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कंबर मोडून चिरे वाहणं वेगळं.

शेजारीण बांधावर उभी राहून बघायची. “वहिनी, कोंबड्यांना माडी बांधतेस काय? वास्तुशांतीला बोलव हां.”

“बोलवीन. पण हात हलवत येऊ नको, अंडं घेऊन ये.”

रोज सांजच्याला ती दाणे टाकून कोंबड्या आत घ्यायची, कडी घालायची आणि खुराड्याभोवती पाय दाबत एक फेरी मारायची. कुठं माती भुसभुशीत लागली की तिथं आणखी चिरा.

पावसाळा गेला. भात कापून झालं. आणि एका सकाळी वाडीत आरडाओरडा झाला. गावकराच्या खुराड्यात एक कोंबडी शिल्लक नव्हती. काजूच्या झाडाखाली पिसंच पिसं. शेजारणीचं डालगं उलटं पडलेलं. पलीकडच्या घरात दोन कोंबड्या मान तोडून टाकलेल्या.

कुणी कोल्ह्याला शिव्या दिल्या नाय. सगळे निघाले ते त्या बाईच्या घराकडं. गावकर पुढं, गुरव मागं, आणि कोंबड्या भरून न्यायला हातात रिकामी डालगी.

बाई खुराड्यासमोर उभी होती. हातात कोयता होता.

गावकर जरा थांबला. “कोयता कशाला घेतलायस?”

“नारळ सोलत होते. तुम्ही कशाला आलात?”

“कबूल केलंयस ते न्यायला. तू राखण दिली नायस, देव रुसला, कोल्हा आला. काढ कोंबड्या.”

“काढते. पण आधी हिकडं या. वाकून बघा.”

खुराड्याच्या चारी बाजूंची माती उकरलेली होती. खालचा चिरा उघडा पडला होता आणि त्यावर नखांचे ओरखडे. चिऱ्याच्या कडेला कोल्ह्याचे केस चिकटले होते. आतनं कवड्या कोंबडा आरवला.

“कोल्हा आधी माझ्या दारात आला होता,” बाई म्हणाली. “चारी बाजूंनी उकरून बघितलं त्यानं. हितं जमेना म्हणून तुमच्याकडं गेला. देव माझ्यावर रुसलेला, तर माझ्या कोंबड्या जिवंत कशा? आणि तुम्ही तर मोठा तुरेवाला कोंबडा दिलात. तुमचं खुराडं रिकामं कसं?”

मागनं एकजण पुटपुटला, “देवाचं देवाला ठाऊक.”

“मग देवाचंच ऐकू. गुरवकाका, राखणीचं गाऱ्हाणं घाला.”

“हितं? खळ्यात?”

“देव खळ्यातबी ऐकतो.”

गुरवानं गावकराकडं बघितलं. गावकरानं मान हलवली. गुरवानं हात जोडले, तसे सगळ्यांनीच हात जोडले.

“बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत.”

“व्हय म्हाराजा.”

“त्यांनी दिलेला मान गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“दाराच्या आत ती जागी राहतील, दाराच्या भायर तू जागा राहा.”

“व्हय म्हा…” म्हणता म्हणता आवाज विरले. पोरं तेवढी पुढचं म्हणाली.

मग गावकर म्हणाला, “हे कधीपासनं हाय गाऱ्हाण्यात?”

“माझा आजा हेच म्हणायचा,” गुरव म्हणाला. “मीबी हेच म्हणतो.”

“मी कधी ऐकलं नाय.”

“कसं ऐकणार? तुमचं ध्यान रश्श्यावर.”

आधी शेजारीण हसली, मग बाकीचे. म्हातारा नाय हसला. मानी माणूस तो. माफी मागणं त्याच्या तोंडात बसत नव्हतं. त्यानं हातातलं डालगं खाली ठेवलं, उघड्या पडलेल्या चिऱ्यावरनं एकदा हात फिरवला आणि मागं वळून लोकांना म्हणाला, “उभे काय राहिलात? खाण कुठल्या वाटेला हाय, विचारा हिला.”

“सांगते,” बाई म्हणाली. “पण परत माझा कोंबडा मागायचा नाय.”

“नाय मागत.”

त्या हप्त्यात अख्खी वाडी डोक्यावर चिरे घेऊन चालली. गावकरानंबी वाहिले, ह्या वयात. बाई प्रत्येक घरी जाऊन पायानं माती दाबून बघायची, आणि फट दिसली की तोंडावर सांगायची. कोल्हा परत आला. घरोघरी उकरलं, नखं झिजवली, आणि गेला वहाळाच्या पाण्यावर कुर्ल्या-खेकडे खायला.

राखण ती वाडी आजबी देते. द्यायलाच पायजे. पण गाऱ्हाणं चाललं असताना तिथं कुणी कुजबुजत नाय, आणि ‘व्हय’ म्हणतात ते छाती काढून म्हणतात. आणि दुसऱ्या वाडीतल्या कुठल्या पोरीचं लग्न ठरलं की तिची आई कवड्या वाणाची अंडी मागायला त्याच खळ्यात येते.

तात्पर्य: देवाला राखण द्यावी, पण आपल्या दारात राखण आपण करावी, आणि ‘व्हय’ म्हणण्याआधी कशाला व्हय म्हणतोय ते ऐकावं.

झाली गोष्ट. तुमच्या खुराड्याखाली अजून नुसती माती हाय. उठा, मामालाबी उठवा, आणि दिवस मावळायच्या आत चिरे घाला.