दुधातल्या दाण्याचा राजा

फार पूर्वी, सूर्य आपल्याआधी उठून बसतो त्या जपान देशात एक तरुण राजा होता. होता की नव्हता, यावर पंडित एकमेकांच्या दाढ्या उपटतात. उपटू द्या, त्यांना दुसरा उद्योग काय!

या गोष्टीतली रीत अशी: बाप गेला की मुलगा गादीवर बसायचा, पण नव्या भाताचा पहिला घास देवापुढं खाईपर्यंत बखरीत त्याचं नाव चढायचं नाही. ह्याचा बाप गेला ऐन थंडीत. भात पिकणार पाऊस सरल्यावर. तोवर अर्धाच राजा!

त्याला एक काका होता. "मला कशाला गादी? मी आपला जप करतो," म्हणत त्यानं डोकं भादरलं आणि डोंगरात गेला. केसांबरोबर मनातलंही निघतं, असं फक्त न्हाव्याला वाटतं. चार-सहा महिन्यांत काका डोंगरात फौज जमवू लागला.

राजानं सरदारांकडं माणसं मागितली. सरदार म्हणाले, "आधी घास, मग फौज."

राजा घाबरला आणि थेट देवाच्या घासासाठी नेमलेल्या शिवारात गेला. राखणीला एक म्हातारी होती.

"आजी, भात कापायचंय."

"कसलं भात, लेकरा? दाणा अजून दुधात आहे."

"असू दे. मला वाडगाभर तांदूळ हवेत."

"पिकल्यावर टोपलीभर लोंब्यांत निघतील. आज काढशील तर सगळं शिवार आडवं होईल, तेव्हा कुठं वाडगा भरेल. गावानं वर्षभर खायचं काय? महिनाभर कळ काढ. गाव तुझ्या बाजूनं उभं राहील."

"महिनाभर काका मला जिवंत ठेवील का?"

राजानं बोट हलवलं आणि विळे चालू लागले. संध्याकाळपर्यंत बांधापासून बांधापर्यंत नुसती खुंटं राहिली.

राजानं घास खाल्ला. गवत चावल्यासारखा लागला. प्रधान "वा, अमृत!" म्हणाला आणि खांबाआड जाऊन थुंकला. सरदारांनीही जिभेला लावून पाहिलं. "हे कुठलं नवं भात? हा तर चारा!" एकानंही माणूस दिला नाही.

आठ दिवसांत काका डोंगर उतरला. मधे नदी होती. ज्यांचं भात कापलं, त्यांनीच आपल्या होड्यांतून त्याची फौज पार केली.

राजा एकटाच पळाला. पळता पळता त्याच शिवारात आला. मागं घोड्यांच्या टापा वाजत होत्या.

"आजी, लपव मला!"

म्हातारीनं चारी बाजूंना पाहिलं. भात उभं असतं तर गुडघ्यावर बसलेला माणूस कुणाला दिसला नसता.

"कशात लपवू रे, बाळा?" एवढंच ती म्हणाली.

उघड्या रानात तो अर्ध्या कोसावरून दिसत होता.

पाऊस सरल्यावर दुसऱ्या गावचं भात पिकलं. काकानं मिटक्या मारत घास खाल्ला. बखरीत बापाच्या पानानंतर काकाचंच पान लागलं. म्हातारी मात्र दरवर्षी दाणा दुधात आला की चार लोंब्या बांधावर ठेवायची. कुणासाठी, ते गावात कुणी विचारायचं नाही.

तात्पर्य: दाणा दुधात असताना कापला तर पोट भरत नाही, आणि जीव वाचवायला आडोसाही उरत नाही.