सुंठवड्याचा प्रसाद

त्या चैत्रात भानुनाथ महाराज कोकणात आंबोळगे गावी, राममंदिराच्या ओसरीवर मुक्कामाला होते. या गावची रीत मोठी गोड! अंगठ्याएवढा लाकडी बालराम दरवर्षी नव्याने रंगवायचा आणि रामनवमीला पाळण्यात घालण्याआधी सगळ्यांसमोर त्याचे डोळे रेखायचे. हा मान झिलूतात्या चिताऱ्यांच्या घराण्याचा.

पण यंदा म्हातारपणाने तात्यांचा हात कापू लागला होता. खारीच्या केसांचा बारीक कुंचला उचलला, की त्याचे टोक नाचू लागे. दरबारात चित्रे काढून आलेला दामोदर चितारी मिशीवर ताव देत म्हणाला, "तात्या, डोळे रेखताय की बाळाला मिशा काढताय? रंग फिसकटला, तर मान आमच्या घरी येणार हं!" पुजाऱ्यांनीही होकार भरला. बिचारे तात्या! त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले.

"झिलू, इकडे ये बघू," महाराज म्हणाले. त्यांनी बालराम आपल्या तळहातावर घेतला. "टेक तुझं मनगट माझ्या मनगटावर. आणि श्वास कोंडू नकोस बाबा, रामनाम घेत सावकाश सोड."

तात्यांनी नाम घेतले, आणि काय सांगावे! हात कापायचा थांबला. तिळाएवढे दोन डोळे असे उतरले, की बाळ आता हसणार असेच वाटावे! रामनामाच्या गजरात पाळणा हलला.

"टेकू मिळाला की कुणालाही जमतं," दामोदर पुटपुटला.

मग सुंठवडा वाटला गेला. महाराजांनी चिमूट उचलली, तर हात लटलट कापू लागला आणि सुंठवडा सगळा दाढीत! महाराज खदखदून हसले. तात्यांनी आपला हात पाहिला, तो अगदी स्थिर होता.

"महाराज, हे माझं दुखणं तुम्ही घेतलंत!" तात्या कळवळले.

"अरे, मला कुठे डोळे रेखायचेत? माझा जरा सुंठवडा सांडेल, एवढंच."

दामोदराचा चेहरा उतरला. त्याने पुढे होऊन चिमूटभर सुंठवडा महाराजांच्या मुखी घातला, आणि मग तात्यांचे पाय धरले. "तात्या, चुकलो. मान तुमचाच. पुढच्या वर्षी मला रंग खलायला तरी बसवा."

"बसशील रे, बसशील," तात्या म्हणाले.

मग दामोदर महाराजांपुढे वाकला. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता, आणि बोटांना चिकटलेला सुंठवडा दामोदराच्या केसांत सांडत होता.