वायर ढिली होती

“मग वायरचं घ्यावं की बिनवायरचं, उस्ताद?”

भालचंद्र खरमाटे याने हे तिसऱ्यांदा विचारलं. मीरासाहेब उस्ताद दर्ग्याचं अंगण झाडत होते. अंगण झाडून झाल्याखेरीज ते कुणाला उत्तर देत नसत, आणि अंगण मोठं होतं.

दर्गा धरणाच्या काठावर, एका टेकाडावर होता. मूळचा तो खाली गावात होता. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा पिराला वर आणलं. उस्तादांनी एकतीस वर्षं तालुक्याच्या धर्मादाय दवाखान्याची रुग्णवाहिका चालवली आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन झाडू हातात घेतला. दवाखान्याच्या सहाही गाड्यांवरचे ड्रायव्हर त्यांनीच तयार केलेले. त्यांत भालचंद्र सगळ्यांत हुशार, असं भालचंद्रचं मत होतं.

“वायरचं असं आहे,” तो सांगू लागला. “रस्ता दाखवणारं यंत्र डॅशबोर्डवर पक्कं बसतं. वीज गाडीचीच. पण खड्ड्यांनी पिन ढिली होते आणि पडदा काळा पडतो. बिनवायरचं म्हणजे मोबाइल खिशात, नकाशा समोर. पण तो तापतो. मध्येच कुणाचा फोन आला की नकाशा अडकतो.”

उस्तादांनी पालापाचोळा एका कोपऱ्यात लोटला.

“दोन्ही उपग्रहावरच चालतात,” भालचंद्रने माहिती पुरवली.

“पीरसुद्धा वरूनच बघतो,” उस्ताद म्हणाले. “कागद वाच.”

कागद भालचंद्रच्या खिशात होता. रुग्णवाहिकांत कोणतं यंत्र बसवावं यावर दवाखान्याच्या समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या. पहिल्या बैठकीत दुसरी बैठक घ्यायचं ठरलं. दुसऱ्या बैठकीत असं ठरलं की एका अनुभवी ड्रायव्हरचा अभिप्राय घ्यावा आणि त्याखाली एका ज्येष्ठ ड्रायव्हरची सही असावी. पुढेमागे चूक निघालीच, तर ती कुणाच्या तरी सहीखाली निघावी, याची काळजी समिती पहिल्यापासून घेत आली होती.

भालचंद्रने घसा साफ केला.

“मौजे कातळवाडी येथील बाळंतपणाचा रुग्ण आणीत असता, यंत्राची वायर ढिली झाल्याने मार्ग दिसेनासा होऊन विलंब झाला. सबब सर्व वाहनांत बिनतारी यंत्र बसविण्यात यावे.”

“विलंब,” उस्ताद म्हणाले.

“हो.”

“ती मेली ना?”

“...मेली.”

“आणि पोटातलं?”

“तेही.”

“मग विलंब कशाला लिहिलंस?”

“समितीला असंच लागतं, उस्ताद.”

उस्तादांनी झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसले.

“वायर कुठं ढिली झाली?”

“हिवऱ्याच्या फाट्यावर.”

“फाट्यावरून तू उजवीकडं वळलास.”

“हो.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“यंत्राच्या.”

“वायर ढिली झाल्यावर?”

भालचंद्रने कागदाची घडी घातली. मग ती उलगडली. मग पुन्हा घातली.

“...वायर घट्ट होती.”

“पुढं सांग,” उस्ताद म्हणाले.

“यंत्र व्यवस्थित चालू होतं. कातळवाडीला जाताना मी लांबच्या रस्त्यानं गेलो होतो. परत येताना त्यानं नऊ किलोमीटरनं जवळचा काढून दिला. रस्ता खोटा नव्हता, उस्ताद. डांबरी होता. फक्त पुढं धरण होतं.”

धरणाच्या काठाला असे सहा-सात रस्ते आहेत. उन्हाळ्यात त्यांवरून ट्रॅक्टर जातात. पावसाळा सरून धरण भरलं की ते सरळ पाण्यात उतरतात आणि दिवाळीनंतरही बरेच दिवस तिथेच राहतात. हे त्या भागातल्या शेळ्यांनाही ठाऊक असतं. उपग्रहाला ते कुणी कळवलेलं नव्हतं.

भालचंद्रची गाडी पाण्यापाशी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडी वळवायला जागा नव्हती. एका बाजूला कपार, दुसऱ्या बाजूला पाणी. दीड किलोमीटर त्याने ती मागे-मागे नेली. फाट्यावर परत यायला चाळीस मिनिटं लागली. त्यांतल्या कितव्या मिनिटाला मागचं कण्हणं थांबलं, ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याचं लक्ष आरशात होतं.

“गाडीत आणखी कोण होतं?” उस्तादांनी विचारलं.

“तिची सासू. मागं, तिचं डोकं हातांवर घेऊन बसलेली.”

“काय म्हणत होती?”

“मधल्या खिडकीतून सारखी म्हणत होती... आलात तसंच चला दादा, डावीकडं घ्या, डावीकडं घ्या.”

“मग?”

“मी म्हटलं, म्हातारे, गप बस. यंत्राचा आवाज ऐकू येत नाही.”

“मग?”

“मग गप बसली.”

खाली पाण्यावर एक बगळा उतरला. थोडा वेळ उभा राहिला आणि उडून गेला.

“पेशंट गाडीत असताना रस्ता विचारायचा नाही,” भालचंद्र एकदम म्हणाला. “नातेवाइकांचा धीर सुटतो. हे कुणी शिकवलं मला?”

“मी.”

“झालं तर मग.”

“मी आधी सगळे रस्ते पायाखाली घातले, मग विचारणं सोडलं,” उस्ताद म्हणाले. “तू नुसतंच सोडलंस.”

त्यांनी तळहातांवरची धूळ झटकली.

“शिकवताना मलाही ते सांगायचं सुचलं नाही,” ते म्हणाले.

भालचंद्रला या वाक्याने जरा धीर आला. तो जवळ सरकला. आवाज खाली आणला.

“उस्ताद, माझी नोकरी या कागदावर आहे. वायर ढिली होती म्हटलं तर मी राहतो. दोन पोरी आहेत घरी. त्या म्हातारीनं तक्रार केलेली नाही. ती काहीच म्हणत नाही.”

“ते खरं. मी दहाव्याला जाऊन आलो कातळवाडीला. दुपारभर बसलो तिच्यासमोर.”

“काय म्हणाली?”

“तू सांगितलंस ते अजून पाळतेय.”

भालचंद्रने पेन काढून उस्तादांपुढे धरलं होतं. ते तसंच राहिलं.

“किल्ली दे,” अंगणाबाहेर उभ्या रुग्णवाहिकेकडे पाहत उस्ताद म्हणाले.

“कशाला?”

“दे.”

उस्तादांचं वय सत्त्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. लायसन कधीच संपलं होतं. पण ज्यांनी मागितली की किल्ली द्यायची सवय शिकाऊ असल्यापासून लागलेली, त्यांना नाही म्हणायला भालचंद्रची जीभ वळली नाही. तो डाव्या बाजूला जाऊन बसला. या जागेवर तो कितीतरी वर्षांत बसला नव्हता.

गाडी टेकाडावरून खाली निघाली.

“कुठं जायचं, उस्ताद?”

“कातळवाडीला.”

“मग मागं घ्या. कातळवाडी वरच्या अंगाला.”

“गप बस.”

पुढे दोन रस्ते फुटत होते. उस्तादांनी उजवीकडचा धरला.

“उस्ताद, डावीकडं. हा बुडालेल्या गावाचा रस्ता आहे.”

“गप बस.”

रस्ता उताराला लागला. दोन्हीकडे बाभळी. पुढे विजेचे जुने खांब रांगेने पाण्यात शिरलेले. पहिला गुडघाभर, दुसरा छातीभर, तिसऱ्याचं नुसतं डोकं दिसत होतं. चौथा नव्हता.

“पाणी आहे, उस्ताद.”

“गप बस म्हटलं ना.”

ते आवाज चढवून बोलत नव्हते. पेशंट मागे असताना बोलत, तसंच बोलत होते. गाडीचा वेगही तसाच, एकसारखा, धक्का न देणारा. भालचंद्रने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, आणि रस्ता संपला होता.

पुढची चाकं पाण्यात गेली. पाणी दोन्हीकडे फाकलं आणि बॉनेटवर आलं.

भालचंद्रने झडप घालून हँडब्रेक ओढला.

गाडी एकदा हिसकली आणि बंद पडली. इंजिनाजवळ कुठेतरी पाणी चुरचुरलं. मग तेही थांबलं...

भालचंद्रच्या हाताची पकड सुटत नव्हती. बोटं पांढरी पडली होती. उस्तादांनी ती एकेक करून सोडवली, सावकाश, एखाद्या आजाऱ्याची सोडवावीत तशी.

“मी गप बस म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“समोर पाणी होतं, उस्ताद.”

“होतं.”

“मग काय करणार...”

त्याने मधल्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. मागे रिकामं स्ट्रेचर होतं आणि त्याच्या उशाशी, बसायच्या फळीवर, कुणीच नव्हतं.

उस्ताद दार उघडून पाण्यात उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. दाराला धरून ते आत वाकले.

“तुझा हात ब्रेकपर्यंत पोचला. म्हातारीचे दोन्ही हात सुनेच्या डोक्याखाली होते,” ते म्हणाले. “एवढं लिहून आण. मी सही करतो.”