काळजीचं वजन

तांबट आळीतली नऊ घरं विकाऊ होती. ती घ्यावीत की नाही, या विचारानं गोवर्धनशेठचा डोळ्याला डोळा लागेना. त्यांची आधीची सात घरं भाड्यानं दिलेली होती. भाडं येई, पण एका घराचं छप्पर गळे, दुसऱ्याची भिंत खचे, तिसऱ्यातला भाडेकरू कुलूप घालून पसार होई.

शेवटी शेठनी ओसरीवर मोठा तराजू टांगला. "एका पारड्यात भाडं घाला, दुसऱ्यात काळजी. जड काय, ते दाखवा."

मुनीमजी चाचरले. "शेठजी, काळजीला कुठलं वजन?"

"मग रात्री माझ्या छातीवर काय बसतं?"

जोत्याशी धान्य पाखडणाऱ्या ठकूचं सूप थांबलं. तीही तांबट आळीतच भाड्यानं राहायची. शेठनी घर घेतलं की भाडं दुप्पट, हे साऱ्या पेठेला ठाऊक. मग तिला गावच सोडावं लागणार होतं.

"मी तोलते," ती म्हणाली. "मुनीमजी, शेठजींच्या तुलेला गूळ किती लागतो?"

दर पाडव्याला शेठ पारड्यात बसत आणि त्यांच्या भारोभार गूळ गोरगरिबांत वाटला जाई. कैलासवासी आईंनी घालून दिलेली रीत, म्हणून मोडवत नव्हती.

"यंदा सहा ढेपा," मुनीमजी म्हणाले.

"आणि पहिलं घर घेतलं, त्याच्या आधी?"

"आठ."

"गूळ वाचतोय म्हणून मी खूश होतो," शेठ पुटपुटले.

ठकूनं कोठीतून दोन ढेपा आणून एका पारड्यात ठेवल्या. पारडं धाडकन जमिनीला टेकलं. "ही तुमची काळजी. आता भाडं ठेवा."

शेठनी वर्षाच्या भाड्याची थैली दुसऱ्या पारड्यात टाकली. दांडी हलली नाही.

"अगं पण तो गूळ आणि ही चांदी!" शेठ म्हणाले. "वजन काय बघतेस? किंमत बघ."

"बघते की. त्या चांदीनं बाजारातून दोन ढेपांएवढे शेठजी विकत आणून दाखवा."

शेठनी थैली परत उचलून घेतली.

"आणि ही नऊ घरं घेतलीत, तर पुढच्या तुलेला गूळ नकोच. चार बत्तासे पुरतील."

शेठ आधी गालात हसले, मग इतके खदखदून, की उपरण्यानं डोळे पुसावे लागले. त्यांनी आळीतलं एकच घर घेतलं, ठकू राहायची ते, आणि तिलाच देऊन टाकलं.

"घर तुझं. गळलं तर काळजीही तुझी."

"मग त्या दोन ढेपाही द्या, शेठजी," सूप काखोटीला मारत ठकू म्हणाली. "आता मलाही लागतील."