कावळ्याचा तीन दिवसांचा हिशेब

एका तळ्याकाठच्या बाभळीवर एक कावळा राहत असे. जन्मात तो त्या तळ्यापलीकडे गेला नव्हता. पण बाळांनो, कुठून कुठे किती अंतर, हे जगाला सांगायची त्याला भारी हौस. त्याच तळ्यावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून करकोच्यांचा थवा उतरे. एक म्हातारा करकोचा त्यांचा म्होरक्या होता. परतीला निघण्याआधी पंधरा दिवस शेतातला हरभरा टिपून अंग भरायचे, ही त्यांची पूर्वापार रीत. कारण वाटेत बर्फाचे डोंगर लागत आणि तिथे दाणा मिळत नसे. रोडके पिल्लू ते डोंगर ओलांडत नाही, हे म्हाताऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

यंदा त्याच्या नातवाने दोन दिवसांतच चोच मिटली. "आजोबा, कावळेकाका म्हणतात, आपलं घर सहाशे कोस. प्रहराला पंचवीस कोस उडलं, तर चोवीस प्रहर. म्हणजे तीनच दिवस! तेवढ्यासाठी इतकं कशाला खायचं?"

"अरे, चोवीस प्रहर सलग उडणार का? झोपायचं नाही? वारा तोंडावर आला तर? दमलेल्यासाठी थांबायचं नाही?" म्हाताऱ्याने एकदा सांगितले, दहादा सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी! वर बाभळीवरून कावळा ओरडे, "भागाकार चुकला असेल तर दाखवा!" भागाकार बरोबर होता, हेच तर म्हाताऱ्याचे दुखणे. त्याला अगदी वीट आला. इकडे पोराच्या बरगड्या दिसू लागल्या आणि निघायला आठच दिवस उरले.

शेवटी म्हातारा वैतागून म्हणाला, "कावळोबा, ती समोरची टेकडी किती लांब?"

"बारा कोस. जेमतेम अर्धा प्रहर."

"मग चला आमच्याबरोबर. " मग तो नातवाकडे वळला, "तूही चल रे."

सकाळीच तिघे उडाले. तळे मागे पडते न पडते तोच समोरून वारा सुटला. दोन कोसांवर कावळा धापा टाकत एका झाडावर बसला. मग विहिरीच्या काठावर बसला, मग बांधावर. "जरा टेकू द्या हो," असे तो दर वेळी म्हणे आणि दोघांना थांबावे लागे. दुपार टळली तरी टेकडी आपली लांबच. नातवाच्या पंखांत गोळे आले, पोटात आग पडली. उन्हे कलली तेव्हा कावळ्याने मान टाकून विचारले, "करकोचेबुवा, अजून किती राहिलं?"

"मला काय विचारता?" म्हातारा कडाडला. "अर्धा प्रहर तुम्हीच सांगितलात ना!"

नातवाने टेकडीकडे पाहिले, मग आजोबांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आजोबा, इथे कुठे हरभरा असेल का हो?"

तात्पर्य : जो कधी वाटेला लागला नाही, त्याला प्रत्येक गाव जवळच वाटते, म्हणून प्रवासाचे दिवस जाऊन आलेल्यालाच विचारावेत.